गाडीखालचा डाग : गळतीचे मूळ कसे ओळखावे?

बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत चारचाकी वाहन ही आता केवळ शहराची चैन राहिलेली नाही. हुमनाबादवरून जाणाऱ्या पुणे-हैदराबाद महामार्गापासून औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील आडवाटांपर्यंत जीप, मोटारी व टेम्पो धावत असतात. रुग्णाला दवाखान्यात, शिक्षकाला शाळेत आणि तुरीची पोती बाजारात पोहोचविणारे साधन हेच. सकाळी गाडी जागेवरून हलविली की खाली ओला डाग दिसतो आणि "थोडे गळायचेच" असे म्हणून आपण निघून जातो. हा डाग कधी निव्वळ पाण्याचा असतो, तर कधी तो ब्रेक निकामी होण्याची पूर्वसूचना असतो. या दोहोंतील भेद थोड्या निरीक्षणाने कोणालाही ओळखता येतो.

डाग एकीकडे, मूळ दुसरीकडे

बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. पावसाचे पाणी या सच्छिद्र दगडात मुरते, खालचा कठीण काळा पाषाण लागला की अडते आणि आडवे वाहत जाऊन पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने प्रकट होते. पाणी दिसते एकीकडे, मुरलेले असते दुसरीकडे.

वाहनातील गळतीचेही असेच आहे. सुटलेले तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळत खाली येते. गाडी धावत असता वारा त्याला मागे ढकलतो आणि अखेरीस सर्वांत खालच्या टोकावरून थेंब पडतो. यास्तव गळतीचे मूळ डागाच्या वर व बहुधा पुढच्या बाजूस शोधावे. चेंबरवरून तेल ठिबकते म्हणून चेंबरचे पॅकिंग बदलले, तरी गळती थांबत नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो. कारण मूळ वरच्या झाकणाच्या पॅकिंगमध्ये असते.

पाहणीची रीत

काळ्या मातीवर काळे तेल दिसत नाही आणि तांबड्या मुरमावर तांबडे तेल ओळखू येत नाही. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून रात्री तिच्याखाली पांढरा पुठ्ठा किंवा कोरे कागद अंथरावेत व त्यांवर चारही चाकांच्या जागा पेन्सिलीने खुणावून ठेवाव्यात. सकाळी डागाचा रंग, वास, चिकटपणा व जागा या चार गोष्टी पाहाव्यात. द्रव चाखून पाहू नये. हात लागल्यास साबणाने धुवावा.

१. स्वच्छ, बिनवासाचे पाणी : वातानुकूलन यंत्र चालविले असल्यास हवेतील बाष्पाचे पाणी गाडीच्या पुढच्या भागाखाली ठिबकते. हा दोष नव्हे.

२. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, गोडसर वासाचा द्रव : हे रेडिएटरमधील कूलंट होय. रेडिएटर, रबरी नळ्या व पाण्याचा पंप तपासावा. ज्या भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेथे कूलंट संपणे म्हणजे इंजिन तापून बंद पडणे होय. हा द्रव विषारी असून गोडसर असल्याने जनावरे तो चाटतात. सांडल्यास लगेच धुऊन काढावा.

३. तपकिरी किंवा काळे, बुळबुळीत तेल : इंजिन ऑइल. चेंबर, ऑइल फिल्टर, झाकणाचे पॅकिंग व सील पाहावेत.

४. दाट व उग्र वासाचे तेल : गाडीच्या मध्यभागी असल्यास गिअरपेटीचे, मागील आसाजवळ असल्यास डिफरन्शियलचे. तांबडे व पातळ तेल बहुधा पॉवर स्टिअरिंगचे किंवा स्वयंचलित गिअरपेटीचे असते.

५. फिकट पिवळसर, पातळ व निसरडा द्रव : चाकाच्या आतील बाजूस किंवा ब्रेकच्या पायपट्टीजवळ आढळल्यास ते ब्रेक ऑइल समजावे. रंगावर पडल्यास ते गाडीचा रंगही उडविते.

६. पेट्रोल किंवा डिझेल : हे वासावरूनच कळते. बिडी, काडी, कंदील दूर ठेवावा आणि इंजिन चालू करू नये.

डाग कशाचा आहे हे कळल्यावर त्या द्रवाच्या टाकीतील किंवा मोजपट्टीवरील पातळी पाहावी. नंतर ओला भाग पुसून स्वच्छ करावा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी, थोडे अंतर गाडी चालवून पुन्हा पाहावे. पावडरीवर जेथे सर्वांत वर ओल उमटेल तेथेच मूळ. इंधनाची किंवा ब्रेकची गळती असल्यास मात्र हा प्रयोग करू नये.

कोणती गळती थांबू देत नाही?

तेलाचा एखादा थेंब पडत असेल, तर पातळी राखून गाडी मिस्त्रीकडे नेता येते. कूलंट झपाट्याने कमी होत असल्यास गाडी थांबवावी. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये; आतील पाणी दाबाखाली असल्याने उसळून अंग भाजते. ब्रेक ऑइल व इंधन यांच्या बाबतीत तडजोड नाही. ब्रेकची पट्टी मऊ लागत असेल किंवा खोल जात असेल, तर गाडी एक पाऊलही चालवू नये. मिस्त्रीलाच जागेवर बोलवावे. ब्रेकचे पॅड झिजल्यानेही टाकीतील पातळी हळूहळू उतरते हे खरे, परंतु ओल दिसल्यावर ही सबब चालत नाही.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. मिस्त्रीकडे जाताना डाग पडलेला पुठ्ठा सोबत न्यावा; तोंडी वर्णनापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो.

शेवटी एक गोष्ट. गाडीतून काढलेले जुने तेल बांधावर अथवा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार ते घातक टाकाऊ द्रव्यांत मोडते. जांभ्या दगडाच्या या प्रदेशात वर ओतलेले तेल खालच्या पाण्यापर्यंत पोहोचू शकते. ते बंद डब्यात साठवून गॅरेजमार्फत अधिकृत संग्राहकाकडे द्यावे. गाडीची गळती थांबविणारा हातच गावाच्या पाण्यालाही जपू शकतो.