ड्रायव्हरचा ‘ड्रॉ’ वळतो कसा?

गोल्फमध्ये ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, वापरताना उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू लक्ष्याच्या किंचित उजवीकडे निघून हवेत डावीकडे वळतो, तो ड्रॉ. ऑगस्टा नॅशनल या गोल्फ मैदानाचं तेरावं होल डावीकडे वळतं, तिथे असा फटका सोन्यासारखा.

चेंडू क्लब ज्या दिशेने फिरतो तिकडेच निघतो, असं पूर्वी शिकवायचे. रडारच्या मोजणीने ते खोडून काढलं. सुरुवातीची दिशा मुख्यतः क्लबच्या तोंडावर ठरते. वळण येतं ते तोंड आणि क्लबचा मार्ग यांतल्या फरकातून. म्हणजे तोंड लक्ष्याच्या जरासं उजवीकडे आणि मार्ग त्याहून उजवीकडे, आतून बाहेर जाणारा. दोन-तीन अंशांचा फरक पुरतो. वाढला की ड्रॉचा हुक होतो आणि चेंडू झाडीत!

नवखे मनगट गरकन फिरवून वळण आणू पाहतात. नसता उद्योग. त्यापेक्षा पाय, नितंब, खांदे थोडे उजवीकडे रोखावेत आणि नेहमीसारखा स्विंग करावा. चेंडू तोंडावर कुठे लागला हेही तपासावं, कारण ड्रायव्हरच्या डोक्याचा गुरुत्वमध्य तोंडाच्या बराच मागे असतो आणि चेंडू मधोमध लागला नाही की डोकं किंचित फिरून चेंडूला फिरकी देतं: टोकाकडे लागलेला चेंडू आपोआप डावीकडे वळतो, टाचेकडे लागलेला उजवीकडे. तोंडावर पावडरचा फवारा मारला की ठसा स्वच्छ दिसतो.