मेंदूतली न फुटलेली ‘एव्हीएम’: उपचार करायचे की थांबायचे?

फिट आली किंवा डोकं दुखतं म्हणून एमआरआय केला आणि रिपोर्टमध्ये ‘एव्हीएम’ लिहून आलं, की घरातले सगळेच हादरतात. एव्हीएम म्हणजे मेंदूतल्या धमन्या आणि शिरांचा जन्मजात मानला जाणारा गुंता. एरवी या दोन्हींच्या मध्ये केशवाहिन्यांचं जाळं असतं, तिथे रक्ताचा दाब उतरतो. एव्हीएममध्ये ते जाळंच नसतं. जोराचं रक्त थेट शिरेत शिरतं आणि ती फुटू शकते.

“मग लगेच काढून टाका ना, डॉक्टर!” नातेवाईक म्हणतात. पण उत्तर इतकं सरळ नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अरूबा’ या अभ्यासात न फुटलेली एव्हीएम असलेल्या २२३ रुग्णांची तुलना केली होती. सरासरी ३३ महिन्यांत, फक्त औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १० टक्क्यांना स्ट्रोक आला किंवा मृत्यू झाला. एव्हीएमवर उपचार केलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होतं.

म्हणून उपचार नकोतच का? तसंही नाही. ऑपरेशनचा धोका सुरुवातीलाच असतो, एव्हीएम फुटण्याचा मात्र दरवर्षी थोडा थोडा साठत जातो. वर्षाला २ टक्के धरले, तर ३० वर्षांत तो ४५ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. पंचविशीतल्या मुलीसाठी आणि सत्तरीतल्या आजोबांसाठी हिशेब वेगळा होतो, तो इथेच. शिवाय अरूबात निव्वळ ऑपरेशन झालेले रुग्ण अगदी थोडे होते. लहान, मेंदूच्या पृष्ठभागाजवळची एव्हीएम अनुभवी सर्जनच्या हातून बऱ्यापैकी सुरक्षितपणे निघते, असं माझंही मत आहे. बोलणं किंवा हालचाल सांभाळणाऱ्या भागातली, मोठी, खोल शिरांत रक्त सोडणारी एव्हीएम असेल तर घाई नको.

रेडिओसर्जरीत कवटी उघडावी लागत नाही, पण गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर फुटण्याचा धोका राहतोच. नळीतून औषध सोडून वाहिन्या बुजवणं, म्हणजे एम्बोलायझेशन, बहुधा जोडीचा उपचार असतो.

थांबायचं ठरलं, तरी ब्लडप्रेशर आटोक्यात ठेवा, फिटच्या गोळ्या परस्पर बंद करू नका, रक्त पातळ करणारी गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी न्यूरोसर्जनशी बोला. अचानक असह्य डोकेदुखी, एका बाजूची ताकद जाणं, बोबडी वळणं किंवा शुद्ध हरपणं यातलं काहीही झालं, तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये त्याच क्षणी न्या, आणि जुना एमआरआय सोबत घ्या.