सांगणारा कोण?



बोरगावासारख्या गावी राहून मराठी पुस्तके वाचावयाची म्हणजे थोडी खटपट करावी लागते. आमचा सौंसर तालुका बोलण्याने मराठी, राज्याने मध्य प्रदेशातला. १९५६ साली प्रांतांची फेररचना झाली, नागपूर पलीकडे गेले आणि आम्ही अलीकडे राहिलो. २०२३ पासून पांढुर्णा हा आमचा जिल्हा झाला आहे. माझ्या शाळेतील मुले घरी मराठी बोलतात व वर्गात हिंदी वाचतात. त्यामुळे मराठी पुस्तक हवे असेल तर सावनेरची किंवा नागपूरची बस गाठावी लागते. वाचनालयातील गृहस्थ माझी पुस्तके वहीत नोंदवताना एकदा म्हणाले, “बाई, ठग, चोर आणि गर्दुल्ले! शाळेतल्या बाईंनी हे काय वाचायचे? एखादी चांगली कादंबरी न्या की.”

त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेले, परंतु प्रश्न मनात राहिला. घडलेल्या गुन्ह्यांची, व्यसनांची आणि जुन्या काळाची खरी हकीकत वाचण्याकडे माझा ओढा का आहे? त्यात थोडे कुतूहल आहे, हे प्रथमच कबूल करते. खुनाची हकीकत वाचताना दिवा मालवू नये असे वाटते, आणि ते वाटणे काही फार उदात्त नव्हे. पण तेवढेच कारण असते तर रहस्यकथांनी माझे काम भागले असते. दुसरे कारण घरातले आहे. ते ओघाने येईल.

प्रथम ठगांचे घेऊ, कारण ते आमच्या शेजारचे. छिंदवाड्याच्या उत्तरेस नरसिंहपूर जिल्हा लागतो. तेथे १८२२ ते १८२४ या काळात विल्यम स्लीमन नावाचा इंग्रज अधिकारी कारभार पाहत होता. जिल्ह्यात एवढीशी चोरी झाली तरी आपल्याला कळते, अशी त्याची समजूत होती. पुढे काही वर्षांनी त्याला कळले की, त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावात, ठगांची एक टोळी नांदत होती, आणि एका मुक्कामाच्या अंतरावरील आमराईत वाटसरूंना गळफास देऊन पुरले जात होते. ही गोष्ट त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. आपल्या अज्ञानाची अशी नोंद करणारा अधिकारी मला आवडला.

परंतु त्याची ठगांवरील माहिती आली कोठून? बहुतेक माफीच्या साक्षीदारांकडून. पकडलेल्या ठगाला सांगण्यात येई की, सोबत्यांची नावे सांग, पुरलेली प्रेते दाखव, म्हणजे फाशी टळेल. १८३६ साली स्लीमनने ठगांच्या गुप्त बोलीचा कोश व या साक्षीदारांशी झालेले संवाद छापून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी असा कायदा झाला की, अमुक माणूस ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी त्याला जन्मठेप देता यावी. खून त्यानेच केला हे दाखविण्याची गरज नाही. आता गळ्याभोवती दोर असलेला माणूस जे सांगतो ते सारे खोटे असते असे नाही. प्रेते तर खरोखरच सापडली. पण कोणते उत्तर आपला जीव वाचवील, हे अशा माणसाला नेमके कळते. ठगी म्हणजे देवीच्या आज्ञेने चालणारा, देशभर पसरलेला एकच पंथ, हे चित्र कितपत खरे आणि कितपत विचारणाऱ्याच्या मनातले, याविषयी अलीकडील इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत. उपासमार, मोडलेल्या फौजा, जमीनदारांचा आश्रय अशी साधी कारणे ते पुढे मांडतात. मला त्यांचे म्हणणे अधिक पटते. जगात देवीपेक्षा भुकेने अधिक माणसे वाईट मार्गाला लावली असावीत.

१८३९ साली फिलिप मेडोज टेलर याने ठगाच्या कबुलीजबाबावर इंग्रजीत एक कादंबरी लिहिली व ती विलायतेत फार गाजली. हा टेलर निजामाच्या चाकरीत होता. पुढे त्याने आपल्या मराठी मुलखात नळदुर्ग येथे राहून कारभारही पाहिला. आता १८३९ हे साल माझ्या वहीत दुसऱ्या कारणासाठीही लिहिलेले आहे. त्याच वर्षी चीनशी अफूचे युद्ध सुरू झाले. जबलपुरास ठगांच्या चौकशा चालल्या होत्या, त्याच दशकात माळव्याची अफू कंपनीचा परवाना घेऊन, जकात भरून मुंबई बंदराकडे जात होती. एका रस्त्यावर कंपनी वाटसरूंचे मारेकरी शोधीत होती, आणि दुसऱ्या रस्त्यावरून जाणाऱ्या विषावर कर वसूल करीत होती. त्या व्यापारावर मुंबईत अनेक घराणी श्रीमंत झाली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी अफू व कापूस यांच्या व्यापारात मिळविलेल्या धनातून दानधर्मही उदंड केला. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाने गोरगरिबांचे प्राण वाचविले आहेत. मी त्यांचा न्याय करीत नाही. एवढेच म्हणते की, व्यसनाच्या इतिहासात पिणाऱ्याचे नाव पोलिसांच्या वहीत सापडते आणि विकणाऱ्याचे इमारतीच्या दगडावर.

कबुलीजबाब दुसऱ्याने लिहून घेतला म्हणजे काय होते, हे ठगांवरून कळले. तो स्वतः लिहिला म्हणजे काय होते, हे मला ‘उचल्या’ने शिकविले. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. मूल पाळण्यात असतानाच संशयित! गावाबाहेर जावयाचे तर परवाना, आणि पोलिसांकडे ठरावीक वेळी हजेरी. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण कागदावरून पुसलेला शब्द लोकांच्या तोंडून लगेच पुसला जात नाही. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आपले आत्मकथन प्रसिद्ध केले व पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात पाकीटमारी आहे, उपास आहे, पोलिसांचा मार आहे, आणि तो मार सोसता यावा म्हणून लहान पोरांना घरच्यांनीच दिलेला मारही आहे.

मी शिक्षिका असल्यामुळे एका प्रसंगापाशी फार वेळ थांबले. हा मुलगा शाळेत जाऊ लागला आणि त्याच सुमारास वस्तीतली पोरे आजारी पडली. तेव्हा खापर त्याच्या शाळेवर फुटले. आपल्यात कोणी शिकत नाही, हा शिकतो म्हणून देव कोपला! हे वाचून मी पुस्तक मिटले. माझ्या वर्गात गैरहजर राहणाऱ्या मुलांपुढे मी वीस वर्षे लाल शाईने खुणा करीत आले. त्या खुणेमागे एखाद्या घरात असा वाद चालला असेल, हे माझ्या मनात एकदाही आले नव्हते. माफीच्या साक्षीदाराला ही गोष्ट सांगावीशी वाटली नसती, कारण साहेबाने ती विचारलीच नसती.

आता व्यसनाकडे वळते. आमच्याकडे सावनेरच्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे क्षयाने वारले, आणि त्यानंतर महिन्याभरातच त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. शंभर वर्षे मराठी माणसाच्या मनात दारुड्याचे चित्र म्हणजे सुधाकर आणि त्याच्या बायकोचे चित्र म्हणजे सिंधू. लहानपणी नागपुरास मामाकडे मी हे नाटक पाहिले व पुष्कळ रडले. आजही त्या भाषेपुढे मी नम्र आहे. परंतु नाटकाला पाच अंकांत संपावे लागते. खऱ्या घरातील दारूला अंक नसतात. तिच्यात भाषणे थोडी आणि मंगळवार-बुधवार फार.

ते मंगळवार-बुधवार मला अनिल अवचट यांच्या ‘गर्द’मध्ये सापडले. १९८० नंतरच्या दशकात पुण्या-मुंबईच्या तरुण मुलांत ब्राऊन शुगर शिरली. चांदीच्या कागदावर ती भुकटी तापवून तिचा धूर ओढावयाचा. थोड्याच दिवसांत तो न मिळाल्यास अंग मोडून येते, पोटात पीळ पडतात, झोप नाहीशी होते. अवचट त्या मुलांपाशी जाऊन बसले, त्यांच्या आई-बापांपाशी बसले, आणि जे ऐकले ते लिहिले. त्या लिखाणाने अस्वस्थ होऊन पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी आर्थिक साहाय्य पुढे केले, आणि अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यास ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. लेखांतून एक दार उघडले, असे फार थोड्या लिखाणाच्या बाबतीत म्हणता येते. डॉक्टरीणबाई १९९७ साली गेल्या, अवचट २०२२ साली. केंद्र चालू आहे.

त्या पुस्तकातून मला समजले ते हे की, व्यसनी माणूस सोडीत नाही असे नव्हे. तो अनेकदा सोडतो. वैद्यांनी यास रोग म्हणावे की नाही यावर फार वाद घातले. अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने १९५६ साली दारूचे व्यसन हा आजार म्हणून मानला. पण घरातील माणसांना ते कोणी येऊन सांगत नाही. घरात एकच हिशेब असतो, आज प्यायला की नाही. सोडलेले दिवस कोणी मोजून ठेवीत नाही.

आता घरातले कारण सांगते. माझे वडील मँगनीजच्या खाणीवर हजेरी-कारकून होते. अक्षर सुरेख, स्वभाव मवाळ आणि संध्याकाळी मोहाची दारू. मी सतरा वर्षांची असताना ते वारले. त्यानंतर पंचवीस वर्षे त्यांच्याविषयी कोणी विचारले तर माझे एक वाक्य ठरलेले असे: “बाबा दारूत गेले.” स्लीमनच्या साक्षीदाराप्रमाणे मीही जे विचारले जाईल तेवढेच सांगत होते, आणि त्यात माझाही लाभ होता, कारण त्या वाक्यानंतर लोक मलाच धीर देत.

‘गर्द’ वाचून झाल्यावर एका रविवारी चर्चमधून परतताना मी आईला विचारले, “बाबांनी कधी सोडली होती का गं?” आई चालता चालता थांबली. म्हणाली, “तीन बार सोडली होती त्यायनं. एकदा तर अकरा महिने.”

ते अकरा महिने मला आठवतात. मी सातवीत होते. बाबा त्या वर्षी घरी फार उशिरा येत. उशीर म्हणजे भट्टीवर बसलेले, हा माझा सरळ हिशेब. एका रात्री त्यांनी दार वाजविले तेव्हा आई आजारी होती, आणि मी जागी असून उठले नाही. ते बराच वेळ बाहेर उभे राहिले असावेत. आईने सांगितले की, खाणीवरून गावाकडे येणारी सरळ वाट भट्टीवरून जाई, म्हणून ते त्या महिन्यांत संत्र्यांच्या बागांना वळसा घालून नाल्याकाठच्या वाटेने येत असत. उशीर होई तो त्या वळशाचा.

संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस आपल्या आयुष्याची कबुली लिहिली. पोरवयात केलेली पेअरची चोरी त्यात आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्यात त्यांच्या आईचीही एक गोष्ट आहे. संत मोनिका लहान मुलगी असताना पिपातून द्राक्षासव काढावयास जाई, तेव्हा ओठांनी थोडे चाखू लागली. थेंबाचा घोट झाला, घोटाचा पेला झाला. एके दिवशी भांडणात दासीने तिला दारुडी म्हटले, तो शब्द जिव्हारी लागला आणि तिने ते सोडले. ही हकीकत ऑगस्टीनला दुसऱ्या कोणी सांगितलेली नाही. आईनेच मुलाला सांगितली होती, आणि ती गेल्यावर त्याने लिहिली. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला मोनिकेचे अश्रू शिकविले, तिचा पेला शिकविला नाही. मला वाटते, दोन्ही शिकवावयास हवेत.

मग मीही एक वही केली. आई सांगते तसे त्यात लिहिते: बाबांनी कोणत्या महिन्यात सोडली, कशामुळे पुन्हा धरली, पगाराच्या दिवशी कोण बरोबर असे. जे वाईट घडले तेही लिहिते. आईच्या हातावरील डाग कशाचा, हे लिहिताना मला तीन वेळा उठावे लागले. वही अद्याप कोणाला दाखविलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात त्या वळशाच्या वाटेचा मजकूर मी आईला वाचून दाखविला. मी लिहिले होते की, बाबांना घरी येण्यास थोडा अधिक वेळ लागे. आईने हात वर करून मला थांबविले.

“थोडा नाही,” ती म्हणाली. “त्या वाटेनं किती वेळ लागते, ते आधी चालून पाय. मग लिहिजो.”

दुसऱ्या दिवशी मी गेले. भट्टी आता राहिलेली नाही, तेथे दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे. त्या सरळ वाटेने खाणीपासून घरापर्यंत मला पंचवीस मिनिटे लागली. नाल्याकाठून, बागांना वळसा घालून, भर उजेडात आणि कोरड्या दिवसांत, एक तास दहा मिनिटे लागली.