गुळवेलीतील बिऱ्हाडकरू

प्रताप नगरासारख्या नागपूरच्या वस्तीत कुंपणाकाठच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल ज्वराच्या काढ्यासाठी तोडली जाते, तेव्हा तिच्या पेशींमधील पोकळीत निरुपद्रवीपणे वास्तव्य करणारे जिवाणूही तिच्यासोबत पातेल्यात उकळून निघतात. आणि वनस्पतीचे म्हणून मानले गेलेले काही गुण वस्तुतः या बिऱ्हाडकरूंच्या खाती जमा व्हावयास हवेत की काय, ही शंका शास्त्रज्ञांनी आता गांभीर्याने घेतली आहे.

शंकेस दाखला आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर मुलखातील मूळ रहिवासी ज्या वेलीने जखमांवर उपचार करीत, त्या केनेडिया निग्रिस्कान्समध्ये सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून मुनुम्बिसिन ही प्रतिजैविके मिळाल्याचे गॅरी स्ट्रोबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केले. याच जातकुळीचा, मात्र मातीतला, स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला हमायसिन हे बुरशीनाशक देऊन गेला होता.

वेलीतील असे जिवाणू शोधण्याच्या प्रयोगाची खरी मेख स्वच्छतेत आहे. कांडे प्रथम मद्यार्कात, मग सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावात बुडवून निर्जंतुक पाण्याने धुतात. त्या अखेरच्या धुवणाचा थेंब अगरवर पसरून काही उगवले, तर सालीवरचा उपराच शिल्लक राहिला असे समजून सारा नमुना बाद करणे प्राप्त होते. नमुना टिकलाच, तर कांडाचे काप अगरवर ठेवून त्यांतून वाढलेला जिवाणू स्टॅफिलोकॉकसच्या दाट थरावर रुजवितात, आणि भोवती स्वच्छ वर्तुळ उमटले की शोधास आरंभ होतो. केवळ आरंभच, कारण वेलीबाहेर काढलेला जिवाणू कित्येकदा काही पिढ्यांत स्टॅफिलोकॉकसला रोखणारे ते द्रव्य करणेच सोडून देतो.