हाडांचं गाव

भाऊबीज आटोपली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. गावोगावी पाहुणे उतरतात. रात्री नाटक, दिवसा गप्पा, आणि गप्पांत हटकून सोयरिकी. अशा बैठकीत एखाद्या मुलाची ओळख ‘अ‍ॅनाटॉमीत पीएचडी करतोय’ अशी करून दिली, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “म्हणजे डाक्टर आहे ना? पेशंट तपासते का?” सरळ उत्तर देता येत नाही. मुलगा एमबीबीएस होऊन या विषयात आला असेल तर डॉक्टर आहे, पण पेशंट तपासत नाही. बीएस्सी किंवा फिजिओथेरपी करून, मग वैद्यकीय महाविद्यालयातच तीन वर्षांची एमएस्सी करून आला असेल, तर पीएचडीनंतर नावाआधी ‘डॉ.’ लागेल, पण औषधाची चिठ्ठी लिहिता येणार नाही. बैठकीत तेवढ्यात चहा येतो आणि विषय धानाच्या भावाकडे वळतो.

शरीररचनाशास्त्राची ही अडचण जुनीच आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी हा विषय सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेला असतो, पण पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी गुणवंतांचे डोळे रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोगाकडे लागतात. खासगी प्रॅक्टिस नसलेल्या विषयाकडे कोण आपणहून जाणार? म्हणून शिकवायला माणसं कमी पडतात, आणि ती पोकळी वर्षानुवर्षं एमएस्सी-पीएचडीवाल्यांनी भरून काढली. जुन्या नियमांत त्यांना शिक्षकांच्या ३० टक्क्यांपर्यंत जागा होत्या. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२० मध्ये हे प्रमाण १५ टक्क्यांवर आणलं. पुढे २०२५ च्या नव्या नियमांनी दार पुन्हा थोडं किलकिलं केलं. पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात. नोंदणी एका नियमात आणि व्हायव्हा दुसऱ्याच नियमात, असं एका पिढीच्या वाट्याला आलं. गुणवत्तेचा वाद काहीही असो, दर पाच वर्षांनी पात्रता बदलणाऱ्या क्षेत्रात माणूस आपली उमेदीची वर्षं का घालेल, हा प्रश्न धोरण ठरवणाऱ्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही.

गोंदियापुरतं बोलायचं तर सगळं तसं नवं आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धान, तलाव आणि राईस मिलसाठी ओळखला जातो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे २०१६ मध्ये सुरू झालं, तेही कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालयाच्या आधाराने. गावात त्याला कुणी पूर्ण नावाने ओळखत नाही, ‘केटीएस’ म्हणतात. सोबत बाई गंगाबाई महिला रुग्णालय. कॉलेजच्या स्वतःच्या इमारतीची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते झाली.

विद्यापीठ मात्र नाशिकला : १९९८ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. प्रवेश परीक्षा, मान्यताप्राप्त केंद्र, मान्यताप्राप्त मार्गदर्शक, आराखडा, नैतिकता समितीची मंजुरी, कोर्सवर्क, मग प्रगती अहवाल. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते ही त्यातल्या त्यात सोय, पण त्यासाठी जवळजवळ अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. मार्गदर्शक जवळपास मिळाला तर ठीक, नाही तर नागपूर, सेवाग्राम, सावंगी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षं आहेत. स्त्री संशोधकांना दोन वर्षं जास्तीची, शिवाय २४० दिवसांपर्यंत बाळंतपण-बालसंगोपन रजा. कागदावर हे चांगलंच आहे. पण दिवसभर डिसेक्शन हॉलमध्ये पोरांच्या तुकड्या सांभाळून संध्याकाळी प्रबंध लिहिणाऱ्या बाईला सवलतीची वर्षं हवी असतात त्याहून जास्त एक मोकळी दुपार हवी असते.

आता मूळ सामग्रीकडे, म्हणजे देहाकडे. आपल्याकडे यासाठी १९४९ चा कायदा आहे, महाराष्ट्र शरीररचनाशास्त्र अधिनियम. ठरलेल्या मुदतीत कुणी दावा न केलेला मृतदेह त्याखाली महाविद्यालयाला देता येतो. दुसरी वाट देहदानाची. कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचा देह २०१० मध्ये दिल्लीच्या एम्सला गेला, तेव्हा मराठी घरांतूनही त्याची बरीच चर्चा झाली. फॉर्म भरणारे पुष्कळ असतात. खरी कसोटी असते मृत्यूनंतरच्या काही तासांत. मुलगा पुण्याहून निघालेला असतो, काका ‘दहावं कशाचं करायचं मग?’ म्हणून अडून बसतात, आणि फॉर्म कपाटातच राहतो. शवविच्छेदन झालेला किंवा संसर्गजन्य आजाराचा देह सहसा घेतला जात नाही, हेही नातेवाइकांना आयत्या वेळी कळतं.

देह आला की एम्बामिंग. मांडीतली फीमोरल धमनी उघडायची, तिच्यात कॅन्युला बसवून फॉर्मालिन, ग्लिसरीन, स्पिरिट, फिनॉल यांचं मिश्रण सोडायचं. मोठ्या माणसाला आठ-दहा लिटर लागतं. द्रव बोटांच्या टोकांपर्यंत पोचला का, हे कातडीच्या ताठरपणावरून अनुभवी अटेंडंट हात लावून सांगतो. मग देह टाकीत जातो. फॉर्मालिनने डोळ्यांची आग होते, नाक वाहतं. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच काढला. तरी कित्येक विभागांतून खिडकीतला पंखा हीच काय ती हवेची व्यवस्था.

देह कमी मिळतात, म्हणून प्रबंधाचे उमेदवार हाडांकडे वळतात. विभागाच्या लाकडी पेटीत सुटी हाडं असतातच. पद्धतही आटोपशीर. मांडीचं हाड ऑस्टिओमेट्रिक बोर्डवर ठेवायचं, गुडघ्याकडची दोन्ही टोकं उभ्या पट्टीला टेकवायची, दुसरी पट्टी सरकवत खुब्याच्या गोल डोक्याला भिडवायची. आकडा लिहायचा. हाड उचलायचं, पुन्हा ठेवायचं, पुन्हा मोजायचं. तीन वेळच्या मापांची सरासरी. मग डिजिटल कॅलिपरने मानेची जाडी, रक्तवाहिनी आत शिरते ते छिद्र वरून किती अंतरावर, असं करत करत शे-दोनशे हाडं. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात असे प्रबंध ढिगाने सापडतील.

माझी तक्रार इथे आहे. ती हाडं कुणाची? पेटीतल्या हाडाला वय नसतं, गाव नसतं, कित्येकदा लिंगही त्याच्या मापांवरूनच ठरवलेलं असतं, आणि पुढे त्याच मापांवरून स्त्री-पुरुषांतला फरक सिद्ध केला जातो! एकेकाळी कलकत्ता हे मानवी सांगाड्यांच्या व्यापाराचं जगातलं मोठं ठाणं होतं. भारताने त्यांच्या निर्यातीवर १९८५ मध्ये बंदी घातली. देशातल्या महाविद्यालयांनीही सांगाडे व्यापाऱ्यांकडूनच घेतले. तेव्हा ‘विदर्भातील मांडीच्या हाडांचा अभ्यास’ असं मुखपृष्ठावर छापलेलं असलं, तरी आतलं हाड बिहारचं नाही कशावरून?

हा काथ्याकूट नाही. हाडावरून उंची काढण्याची जी सूत्रं आजही शिकवली जातात, त्यातली सर्वांत प्रसिद्ध ट्रॉटर आणि ग्लेसर यांनी १९५२ मध्ये मांडली. त्यांच्या हाताशी दुसऱ्या महायुद्धात मेलेले अमेरिकन सैनिक होते, ज्यांची जिवंतपणीची उंची लष्कराच्या दप्तरी नोंदलेली होती. तिथे हाडाला नाव होतं, म्हणून सूत्र निघालं. गोंदियातल्या देवरी-सालेकशाच्या जंगलात सापडलेल्या सांगाड्याला ते सूत्र लावलं तर उत्तर चुकण्याचा संभव आहे. खुब्याजवळचं हाड मोडल्यावर आत घालायची सळई पाश्चात्त्य मापांवर घडवलेली असली, तर आपल्याकडच्या बुटक्या, वेगळ्या बाकाच्या हाडात ती नीट बसत नाही, ही अस्थिशल्यचिकित्सकांची नेहमीची कुरबुर. इथल्या माणसाचं खरं माप हवं आहे ते यासाठी.

मोजमापाच्या संशोधनाला मराठीत एक मोठी पूर्वज आहे. ‘युगान्त’च्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाअखेरीस बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी पीएचडी केली. विषय होता मानवी कवटीतली सर्वसामान्य असमानता. युरोपीय कवटीत ही असमानता जास्त असते आणि तिचा संबंध बुद्धीशी आहे, अशी गुरूंची अटकळ. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या होत्या. निष्कर्ष निघाला की असमानता वंशावर अवलंबून नाही. पुढे नाझींच्या वंशशास्त्राला आधार पुरवणाऱ्या माणसासमोर पंचविशीच्या आसपासच्या मुलीने कॅलिपरच्या जोरावर ‘नाही’ म्हटलं. पीएचडी कशाला म्हणायचं, याचं दुसरं उदाहरण मला शोधावंसं वाटत नाही.

गोंदियात असे प्रश्न पडून आहेत. पूर्व विदर्भ सिकलसेलच्या पट्ट्यात येतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की या आजारात पाणथरी, म्हणजे प्लीहा, बालपणीच आक्रसून निकामी होते. ते वर्णन मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या रुग्णांचं. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं आणि अनेकांची प्लीहा मोठी झालेली वर्षानुवर्षं तशीच राहते. कोणत्या वयात ती किती मोठी असते, केव्हा आक्रसू लागते, हे सोनोग्राफीने इथल्या पोरांत मोजणं हा अस्सल शरीररचनेचा प्रबंध आहे. दुसरा विषय महिला रुग्णालयाच्या दारात. गर्भाची मज्जानलिका २८व्या दिवसापर्यंत मिटते, म्हणजे बाईला आपण गरोदर आहोत हे नीट कळायच्या आत. ती मिटली नाही की मेंदूचा किंवा पाठीच्या कण्याचा दोष. मृत जन्मलेल्या बाळांचा पालकांच्या संमतीने बारकाईने अभ्यास झाला, तर कोणत्या भागात फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेळेवर पोचत नाही याचाही माग लागेल.

आणि मापांसाठी आता लाकडी पेटीवर विसंबायचं कारण उरलेलं नाही. सीटी स्कॅनमध्ये जिवंत माणसाचं हाड, त्याचं वय, लिंग आणि उंचीसकट मोजता येतं. त्यासाठी अ‍ॅनाटॉमी आणि रेडिओलॉजी या दोन विभागांनी एकत्र बसायला हवं. ते मनात आणलं तर एका जिन्याचं काम आहे, मनात नसलं तर सहा वर्षांतही होत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. त्यांत गोंदियाचे शेजारी भंडारा आणि गडचिरोलीही आहेत. नव्या कॉलेजात सर्जरीचा प्राध्यापक थोडा उशिरा आला तरी चालतं. अ‍ॅनाटॉमीचा पहिल्याच दिवशी लागतो. म्हणजे नोकऱ्या आहेत. नसते ती संशोधनाला मोकळीक, वेळेवर हाती पडणारी शिष्यवृत्ती आणि जिल्ह्यातच मान्यता मिळालेला मार्गदर्शक. हे तिन्ही जमेपर्यंत एक बिनखर्चाची गोष्ट आजही सुरू करता येईल : स्कॅनसाठी येणाऱ्या प्रत्येकाची संमती घेऊन अर्जावर त्याची उंची, आणि वडिलोपार्जित गाव कोणतं, एवढं लिहून ठेवायचं.