वादळ आधी, पाहणी मागाहून

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापुढे समुद्राच्या तळाशी वाळू कुठे, किती आणि कसली आहे, याचा शोध साठ वर्षांपासून चालू आहे. त्याचा मागोवा घेताना एक गोष्ट सतत खटकते. मोठ्या पाहणीला पैसा मिळतो तो बहुतेकदा वादळाने किनारा उद्ध्वस्त केल्यावरच.

मार्च १९६२च्या वादळाने न्यू जर्सीपासून दक्षिणेकडे कित्येक पुळणी धुऊन नेल्या. तोवर झिजलेल्या पुळणी भरण्यासाठीची वाळू बहुतेक खाड्यांतून उपसत. ती इतकी बारीक, की लाटांपुढे टिकत नसे. १९६४मध्ये लष्कराच्या अभियंता दलाने खुल्या समुद्रातल्या वाळूची पहिली मोठी पाहणी सुरू केली. तीन सागरी मैलांपलीकडची, म्हणजे केंद्राच्या हद्दीतली वाळू लिलावाविना किनारा-रक्षणाला देण्याची सोय मात्र १९९४च्या कायद्याने झाली.

वाळू सापडली म्हणजे काम झालं, असंही नाही. २००७मध्ये न्यू जर्सीच्या सर्फ सिटीत नव्याने भरलेल्या पुळणीवर पहिल्या महायुद्धाच्या काळातला दारूगोळा निघू लागला. समुद्रात टाकून दिलेला तो साठा वाळूबरोबर पंपाने वर आला होता. पुळण बंद करावी लागली.

२९ ऑक्टोबर २०१२ला 'सँडी' वादळ न्यू जर्सीवर आदळलं आणि मदतनिधीतून मॅसॅच्युसेट्सपासून मायामीपर्यंतची पाहणी २०१५-१६मध्ये झाली. सोनारने तळाचे थर टिपायचे, मग कंप देत लांब नळी तळात घुसवायची. ती उभी चिरली की सगळं उघड होतं: वर भरड, फिकी वाळू आणि खाली एकाएकी काळपट चिकण गाळ. वाळूचा थर जेमतेम असेल तर ती जागा सोडून द्यायची, कारण उपशात खालचा गाळही वर येतो. तो पुळणीवर टिकत नाही आणि त्याने काळवंडलेली वाळू तापली की कासवांच्या अंड्यांना धोका होतो.

यातली बरीच वाळू हिमयुगाची ठेव आहे. तेव्हा समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता, त्यामुळे नद्यांची वाळू आजच्या समुद्रतळापर्यंत पोचत असे. आजच्या नद्यांची वाळू खाड्यांतच अडकते, त्यामुळे उपसलेला साठा माणसाच्या हिशेबात परत भरत नाही. म्हणूनच ही मोजणी वादळाची वाट न पाहता, दर वर्षी ठरलेल्या निधीतून व्हायला हवी. साठा संपला की काय होतं, ते मायामी-डेड परगण्यात दिसतं: तिथल्या किनाऱ्यापुढची जवळची वाळू संपली आहे. तिथल्या पुळणींसाठी आता जमिनीवरच्या खाणींतून ट्रक भरून वाळू आणावी लागते.