दहाव्या घोड्याची मर्जी

इटलीतल्या सिएनाची ‘पालिओ’ ही शर्यत जेमतेम सव्वा-दीड मिनिटात आटोपते. पियाझा देल काम्पो या उतरत्या चौकाच्या कडेने माती अंथरायची, खोगीर न घालता घोडे तीन वेळा फिरवायचे, झालं. पण ती सुरू व्हायलाच कधीकधी तास उलटतो. पालिओचा सगळा जीव आहे तो त्या खोळंब्यात.

शहरात 17 कोंत्रादा, म्हणजे पेठा. त्यांच्या हद्दी 1729 मध्ये राज्यपाल व्हायोलांते बेआत्रिचे यांनी आखून दिल्या, त्या अजूनही चालतात. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला त्यांतल्या 10 पेठा धावतात. घोडा चिठ्ठीने मिळतो, त्यामुळे पैसा ओतून चांगला घोडा घेता येत नाही. पैसा जातो घोडेस्वारावर, आणि त्याहून जास्त छुप्या सौद्यांवर. शत्रू पेठेला हरवण्यासाठी तिसऱ्याला पैसे चारणं इथे गैर मानत नाहीत. ओका आणि तोर्रे या पेठांचं वैर तर पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे.

आता सुरुवातीची जागा बघा. दोन जाड दोर आडवे ताणलेले. त्यांच्यामध्ये नऊ घोडे चिठ्ठीत आलेल्या क्रमाने उभे करायचे. दहावा मागे, मोकळा. तो धावत आत शिरला की पुढचा दोर पडतो आणि शर्यत सुटते. म्हणजे शर्यत कधी सुटणार हे त्या दहाव्याच्या हातात. शत्रूचा घोडा नीट उभा असेल तर तो जागचा हलत नाही; शत्रूने तोंड फिरवलं की झेपावतो. तोवर आतले स्वार रेटारेटी करतात, सर्वांदेखत एकमेकांशी कुजबुजत सौदे पक्के करतात. दोर सोडणारा पंच मुद्दाम सिएनाबाहेरचा नेमतात. सुरुवात चुकली तर तोफेचा बार होतो आणि सगळे परत दोरापाशी. एकदा सुटल्यावर मात्र बैलाच्या वाळवलेल्या शिश्नाचा चाबूक प्रतिस्पर्ध्यावरही चालतो. स्वार पडला तरी हरकत नाही; एकटा घोडा पहिला आला तरी विजय त्याच्या पेठेचाच.

विजयाचं बक्षीस म्हणजे रंगवलेला रेशमी पट. या पटापायी काय होऊ शकतं ते 20 ऑगस्ट 1945 ला दिसलं. युद्ध संपल्याच्या आनंदात त्या दिवशी शांततेचा खास पालिओ धावला. जिंकली द्रागो पेठ. ब्रुको, म्हणजे सुरवंटाची पेठ, 1922 पासून विजयासाठी तळमळत होती. तिची माणसं इतकी पेटली की त्यांनी तो पट फाडून टाकला. माझ्या मते पालिओचं याहून खरं चित्र कुठल्याच माहितीपत्रकात नाही. हे लोक खेळत नाहीत, पेठेसाठी जगतात.

ही तळमळ घोड्यांच्या जिवावरही बेतते, हे लपवून चालणार नाही. सान मार्तिनोच्या उतरत्या वळणावर गाद्या लावूनही घोडे आपटतात. 1970 नंतर 50 हून जास्त घोडे मेले, असं प्राणिमित्र संघटना सांगतात. त्यांच्या रेट्यानेच पशुवैद्यकीय तपासण्या कडक झाल्या आणि नाजूक हाडांचे शुद्ध वंशाचे घोडे बंद होऊन संकरित आले. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

पट फाडणाऱ्या त्या ब्रुकोला 1955 मध्ये एकदाचा विजय मिळाला. त्यानंतर 41 वर्षं काहीच नाही. सर्वांत जास्त काळ न जिंकलेल्या पेठेला सिएनात ‘आजी’ म्हणून चिडवतात, ते टोमणे तिने वर्षानुवर्षं ऐकले. 1996 च्या ऑगस्टमध्ये तिचा घोडा पहिला आला, आणि आजीपण दुसऱ्या पेठेच्या माथी गेलं.